नव्या भाताचा पहिला घास

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. ज्या सरांमुळे मी पदवीपर्यंत पोचलो, त्यांच्याकडे बसून कितीतरी वेळा चहा प्यालो, आणि दर वेळी हे ओठांपर्यंत आलं की यंदाच्या भाताच्या पिकाचं बोलायला लागलो. तुम्हाला सांगणं त्या मानाने सोपं आहे. तुमचा चेहरा मला दिसत नाही.

सोपं म्हणालो खरं — पण सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. माझा अपराध एका वाक्याचा आहे. अगदी साधं वाक्य. ते नुसतं लिहून टाकलं तर तुम्ही म्हणाल, एवढंच ना? म्हणून त्या वाक्यापर्यंत मी कसा पोचलो ते आधी सांगतो. ही सबब नाही. तशी वाचू नका.

आमचं गाव खालापूरजवळ. घर भातशेतीचं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मॅट्रिक झाल्यावर मी खोपोलीला कारखान्यात लागणार होतो, मामाने तसा शब्दही टाकून ठेवला होता. पण आमच्या शाळेत एका कार्यक्रमाला कॉलेजचे एक प्राध्यापक आले होते, त्यांनी माझं भाषण ऐकलं आणि थेट घरी येऊन वडिलांसमोर बसले. ‘पोराला मला द्या,’ म्हणाले. वडील घाबरून उभेच राहिले. आमच्या घरी पँट घातलेला माणूस तलाठ्याखेरीज कधी आला नव्हता. ते हे सर. त्यांचे उपकार माझ्यावर किती आहेत ते मी इथे सांगत बसलो तर मूळ गोष्ट राहून जाईल. आणि मूळ गोष्ट मागे टाकायची मला सवयच झाली आहे.

तर कॉलेजात सरांनी विद्यार्थ्यांचं सेवापथक काढलं. आमचं कॉलेजच तेव्हा नवीन होतं, सगळंच नव्याने चाललं होतं. सुट्टीत एखाद्या आडगावात जाऊन राहायचं, श्रमदान करायचं, विहिरीतला गाळ काढायचा, रस्ता करायचा. सरांनी मला पथकाचा प्रमुख केलं. मी घरी येऊन सांगितलं तर वडील म्हणाले, “म्हंजे मुकादम. तुला शिकाया धाडला का घमेली उचलाया, रं?” आई मात्र शेजारणींना सांगत सुटली, माझा बाळाराम म्होरक्या झालाय.

म्होरक्या म्हणजे काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. बांधकाम खात्याच्या कचेरीत चकरा मारून कुदळी-फावडी उसनी आणायची. देवळातले मोठे टोप मागायचे आणि त्यांना पोचा आला तर पुजाऱ्याच्या शिव्या खायच्या. मुलींच्या घरी जाऊन त्यांच्या वडिलांना हमी द्यायची. सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवायची, सगळ्यांच्या शेवटी जेवायचं — आणि भात करपला तर तो कोणी करपवला हे कोणी विचारत नाही, प्रमुख कोण आहे एवढंच विचारतात. एका शिबिरात एका मुलाला ताप भरला, त्याला मी पाठीवर घेऊन खाली उतरलो. त्याच्या वडिलांनी भेटल्यावर पहिलं काय म्हटलं असेल? “तुम्ही लक्ष ठेवत नाही का?”

मला आभार हवे होते का? हो. हवे होते. तेव्हा मी स्वतःलाही हे कबूल केलं नसतं. सेवेत कसले आभार, असं मीच नव्या मुलांना सांगायचो. पण शिबिराच्या शेवटी सर बोलायला उठले की माझं नाव कधी येतं याकडे माझे कान लागलेले असायचे. ते यायचं. “आणि बाळारामने व्यवस्था पाहिली” — असं यायचं. व्यवस्था पाहिली! एखाद्या मंडपवाल्याबद्दल बोलावं तसं.

मग अरविंद आला.

अरविंद कर्जतच्या बाजारपेठेतला, भटजींचा मुलगा. घरात चार पिढ्यांची पुस्तकं. आमच्यापेक्षा एक वर्ष मागे होता. त्याच्याबद्दल मी वाईट काही सांगू शकलो असतो तर किती बरं झालं असतं! पण नाही सांगता येत. तो उशिरा उठायचा, हे खरं. घमेलं कुठे ठेवलं ते विसरायचा. स्वतःचं ताट दगडावर ठेवून निघून जायचा आणि ते मी विसळायचो. पण गायचा असा की कुदळी आपोआप तालात पडायच्या. आणि माणसं जिंकायचा. काही न करता जिंकायचा. मी दहा वेळा सांगून जी मुलं हलायची नाहीत, ती त्याने नुसतं “चला रं” म्हटलं की उठायची. माझ्यासारखं गावठी ‘रं’ तो मुद्दाम लावायचा आणि ते त्याला शोभायचं. मी तोच ‘रं’ तोंडातून जाऊ नये म्हणून दोन वर्षं झटत होतो.

मी जळायचो. दुसरा शब्द नाही. सकाळी त्याचं अंथरूण गुंडाळताना जळायचो, त्याच्या गाण्याला टाळ्या वाजवताना जळायचो.

ज्या शिबिराबद्दल सांगायचं आहे ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं, दिवाळीच्या सुट्टीतलं. कशेळ्याच्या वर, डोंगराच्या अंगाला ठाकरांची एक वाडी आहे. तिथून कशेळ्याच्या बाजारात उतरायला धड वाट नव्हती. कोणी आजारी पडलं तर डोली करून चार जणांनी उतरवायचं, आणि पावसाळ्यात डोली उचलणारेच घसरून पडायचे. ती वाट रुंद करायची, कडेला दगड रचायचे, असं काम ठरलं. ठरवलं मी. वाडीत चार वेळा एकटा चढून गेलो होतो मी. वाडीचे म्होरके पदूबाबा — सुकलेले, उंच, कमी बोलणारे — त्यांच्याशी बोलणं करून आलो होतो मी. आमच्या राहण्याला त्यांनी भाताचं खळं मोकळं करून दिलं, ते माझ्या शब्दावर.

आणि काम सुरू होऊन चार दिवसही झाले नाहीत, तर वाडीतल्या बाया पाणी भरताना काय बोलायच्या? “गाणारा दादा आला म्हणून वाट व्हतेय.”

दुपारी आम्ही सगळे सावलीला आडवे व्हायचो तेव्हा अरविंद वाडीतल्या पोरांना घेऊन बसायचा. कोळशाने सपाट दगडांवर अक्षरं काढायचा. पदूबाबांची एक नात होती, बुधी नावाची, आठ-नऊ वर्षांची असेल. ती त्याच्या मागे मागे फिरायची आणि दिसेल त्या दगडावर ‘बु’ काढायची. आम्ही रस्त्याच्या कडेला रचलेल्या दगडांवरही तिचे ‘बु’ होते. सगळे कौतुकाने हसायचे. मी त्या मुलीला एकदा दरडावलं, की दगड घाण करू नकोस. बघा — कोणावर राग काढत होतो मी!

एका संध्याकाळी सरांनी सगळ्यांना गोल बसवलं. म्हणाले, “अरविंद या शिबिराचा प्राण आहे.” टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या. मग सरांनी माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, म्हटलं, “बाळाराम, मीठ संपत आलंय, बघ हं.”

आणि त्याच बैठकीत अरविंद उभा राहिला आणि म्हणाला, की पदवीची परीक्षा झाली की तो या वाडीत येऊन वर्षभर राहणार, पोरांची शाळा चालवणार. वाडीत शाळा नव्हती. कशेळ्याची शाळा त्या पोरांच्या पायांना परवडणारी नव्हती. सरांचे डोळे भरून आले. पदूबाबा कडेला उकिडवे बसले होते, त्यांनी अरविंदकडे असं पाहिलं, की — कसं सांगू — तसं माझ्याकडे कोणी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

मला काय वाटलं सांगू? शाळेचा विचारही मनात आला नाही. वाटलं, याला हे परवडतं. मी पदवी हातात पडली की दुसऱ्या दिवशी नोकरी शोधणार होतो, घरात धाकटी भावंडं होती. वर्षभर कोणासाठी फुकट राहण्याची चैन मला नव्हती. त्यागसुद्धा यांनीच करायचा आणि आम्ही मीठ बघायचं!

आता वाडीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. भात कापून झाला की नव्या तांदळाचं पहिलं जेवण होतं, त्याला ते ‘नवं’ म्हणतात. त्या दिवशी म्होरक्याच्या घरात नवा भात शिजतो आणि पहिला घास पाहुण्याने घ्यायचा. पाहुणा कोण, ते सगळी वाडी मिळून ठरवते. ज्याचं येणं वाडीला लाभलं असं वाटतं, तो. त्याने घास घेतल्याशिवाय कोणी, अगदी लेकरूसुद्धा, नव्या भाताला हात लावत नाही. आणि ज्याने तो घास घेतला तो वाडीचा झाला. मग त्याला वाडीत खोप बांधून राहता येतं. एरवी बाहेरच्या माणसाला तिथे बिऱ्हाड करू देत नाहीत.

सर समारोपाच्या पाहुण्यांना बोलवायला कर्जतला उतरले होते, तेव्हाची गोष्ट. सकाळी रस्त्यावर पदूबाबा माझ्याजवळ आले. मला बाजूला घेतलं. पायाच्या अंगठ्याने मुरूम उकरत राहिले.

“तुमी म्होरके, म्हणून तुमाला सांगतो,” ते म्हणाले. “उद्या आमच्यात नव्याचं जेवान हाय. पहिला घास त्या गाणाऱ्या दादानं घ्यावा, आसं समद्यांच्या मनात हाय. खोपीची जागा पन बगून ठेवलीय. पर त्यो भटाच्या घरचा. आमच्या चुलीवरचं चालंल का त्याला? तुमी इचारा. नसंल चालत तर तसं सांगा, आमाला राग नाय. लोकांत लाज नको म्हणून आधी इचारतो.”

मी म्हटलं, विचारून सांगतो.

अरविंद माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होता. घमेलं डोक्यावर घेऊन कोणाशी तरी हसत होता. त्याला मी हाक मारली असती तर त्याने उत्तर काय दिलं असतं, हे मला ठाऊक होतं. आमच्या सगळ्यांबरोबर तो कशाच्याही पंक्तीला बसायचा. सुकट तेवढी खायचा नाही — कारण त्याला वास सोसायचा नाही, बाकी काही नाही. खालच्या एका वाडीत एका म्हातारीने हातावर ठेवलेली तांदळाची भाकरी त्याने उभ्या उभ्या खाल्लेली मी पाहिली होती.

दिवसभर मी विचारलं नाही. दिवसभर — म्हणजे हे रागाच्या भरात तोंडातून निसटलं असं मला म्हणता येत नाही. दगड रचत होतो आणि मनात तेच. वाडीशी पहिल्यांदा बोलला कोण? चार वेळा चढून आला कोण? खळं मागितलं कोणी? आणि लाभलं कोणाचं येणं? तर त्याचं! मी इतका वेळ हे मनात घोळवलं, की संध्याकाळपर्यंत मला ते अगदी न्यायाचं वाटायला लागलं. तुम्हाला कधी असं झालंय का — की एखादी नीच गोष्ट मनात धरून धरून इतकी गुळगुळीत होते, की तिचे काटेच जाणवत नाहीत?

संध्याकाळी पदूबाबांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. मी जवळ गेलो आणि म्हणालो, “नाही चालत त्याला.”

हेच ते वाक्य.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, म्हणाले होते तसेच. नुसते आपल्या हातांकडे बघत राहिले. मातीने भरलेले होते हात, दिवसभर आमच्याबरोबर दगड उचलून. ते त्यांनी धोतराला पुसले. तसं काही कारण नव्हतं तेव्हा हात पुसायचं. मग म्हणाले, “बरं. मग तुमी तरी या, दादा.”

तुमी तरी! चोरून घेतलेला मानसुद्धा मला ‘तरी’ लावून मिळाला. आणि मी काय केलं? तो घेतला. “येतो की,” म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अरविंदला कशेळ्याला पाठवलं. मीठ आण, आणि परतीच्या टेंपोचं ठरवून ये, असं सांगितलं. प्रमुखाचा शब्द होता. तो कुरकुरला नाही. जाताना पोरांना म्हणाला, आलो की पुढचं अक्षर. बाकीची मुलं रस्त्याच्या खालच्या टोकाला होती. मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि पदूबाबांच्या घरी गेलो.

सगळी वाडी जमली होती. अंगण सारवलेलं. पानावर भाताचा ढीग, वाफ येत असलेला, वर कोंबडीचा रस्सा. पोरं ओळीने बसलेली, एकाचंही बोट पानाकडे जात नव्हतं. सगळ्यांची नजर माझ्या हाताकडे. आणि बुधी तेवढी दाराकडे बघत होती. तिला कोणी सांगितलं नसावं. ती अरविंदची वाट बघत होती.

मी घास घेतला. आता खोटं बोलत नाही — तो घशात अडकला नाही. भात गोड होता. इतका गोड भात मी भाताच्या घरात जन्मून कधी खाल्ला नव्हता. मी दुसरा घास घेतला आणि सगळ्या अंगणात एकदम हात चालू झाले, पोरं हसायला लागली, पदूबाबांच्या कारभारणीने माझ्या पानात आणखी वाढलं आणि म्हणाली, “खाय रं बाबा, तू आमचाच.” त्या दुपारी मी सुखी होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. इतकी वर्षं टोप घासून जे मिळालं नव्हतं ते त्या पानावर मिळालं होतं.

तिसऱ्या प्रहरी अरविंद घामाघूम होऊन वर आला. खांद्यावर मिठाची पिशवी, आणि हातात कागदात बांधलेली कांदाभजी. माझ्यासाठी आणली होती. फक्त माझ्यासाठी. मला बाजूला नेऊन म्हणाला, “गुपचूप खा. सगळं तूच करतोस रे बाळाराम, आणि टाळ्या आम्ही घेतो. मी सरांना सांगणार आहे, समारोपात आधी तुझं नाव घ्या म्हणून.”

ऐकताय ना तुम्ही? एवढ्या सगळ्यांत एकालाच ते दिसलं होतं.

तुम्हाला वाटेल, त्या क्षणी मी विरघळलो असेन. नाही. मला त्याचा आणखी राग आला. चांगुलपणातसुद्धा हाच पुढे! पोट भरलेलं होतं, तरी ती भजी मी त्याच्यासमोर खाल्ली. कारण नको म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, कुठे जेवलास?

पुढचं लवकर सांगतो. वाडीतली माणसं त्याच्याशी वाईट वागली नाहीत. फक्त दूर झाली. त्याने हात पुढे केला की बाया हंडा खाली ठेवायच्या आणि बाजूला व्हायच्या — त्याला विटाळ नको म्हणून, त्याच्याच भल्यासाठी. पोरांना आया हाक मारून घरात घ्यायच्या. तो पदूबाबांकडे खोपीचं विचारायला गेला तेव्हा ते नम्रपणे म्हणाले, जागा नाय दादा, तुमाला अडचन व्हईल. तो माझ्याकडे आला. चेहरा असा झाला होता, जसा गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोराचा होतो. “माझं काय चुकलं रे? तुला काही बोलले का ते?”

तेव्हा सांगता आलं असतं. रस्ता अजून संपला नव्हता, सगळे अजून तिथेच होते, दोन पावलांवर पदूबाबांचं घर होतं. मी म्हणालो, “ही माणसं अशीच. लहरी असतात. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

म्हणजे आधी त्याला वाडीच्या नजरेतून उतरवलं, आणि मग वाडीला त्याच्या. दोन्हीकडे मीच उभा होतो मध्ये, प्रमुख म्हणून. एकमेकांशी बोलायची वेळ त्यांच्यावर येऊच नये, ही तर माझी व्यवस्था होती.

समारोपात सरांनी आधी माझं नाव घेतलं. अरविंदने सांगितलं असणार.

पदवीनंतर त्याला मुंबईत बँकेत नोकरी लागली. वाडीला गेला नाही. मी मास्तर झालो, खालापूरकडच्या शाळेत. चांगलं चाललं आहे माझं. सरांच्या कृपेने भावंडं शिकली, घर झालं. शाळेत सगळे म्हणतात, शिस्त शिकावी ती बाळाराम मास्तरांकडून.

मधे एकदा अरविंद भेटला. मी पोरांची सहल घेऊन पळसदरीच्या धरणावर गेलो होतो, तो बायको-मुलीला घेऊन रविवारचा आला होता. अंगाने सुटला होता. मिठी मारली मला. जुन्या गोष्टी निघाल्या आणि वाडीचं निघालं. मी विचारलं, अजून गातोस का? तो म्हणाला, छे. मग हसून बायकोला सांगायला लागला, की मी एकदा आदिवासींची शाळा काढायला निघालो होतो, पण त्या लोकांचा भरवसा नसतो, आज डोक्यावर घेतील, उद्या ओळख देणार नाहीत. आमच्या मुलीच्या कॉलेजात असलं काही निघालं तर मी पाठवणार नाही, म्हणाला. ज्या माणसाला आयुष्यात कोणाबद्दल असं बोलताना मी ऐकलं नव्हतं, तो हे बोलत होता. आणि हे माझे शब्द होते. मीच दिले होते त्याला. मी म्हणालो, ऊन वाढतंय, पोरांना सावलीत घेतो.

आणि गेल्या निवडणुकीत माझी ड्यूटी त्याच वाडीच्या बाजूला लागली. पदूबाबा जाऊन खूप वर्षं झाली होती. आमची वाट अजून आहे, मधे मधे खचलेली. शाळा आता झाली आहे — पण आम्ही गेलो होतो तेव्हाची पोरं बाप होऊन गेल्यावर झाली. बुधीला लग्न करून तिथेच दिलं होतं. ती मत द्यायला आली, सहीच्या जागी अंगठा उठवला, बोटाला शाई लावून घेतली. मग थांबून माझ्याकडे निरखून बघितलं आणि ओरडली, “आरं, ह्ये तर आमचं दादा! आज्याच्या घरी नवं जेवलेले!”

काम संपल्यावर मला हाताला धरून घरी नेलं. तिची पोरं, शेजारची पोरं गोळा झाली. तिने त्यांना माझी गोष्ट सांगितली. वाडीत ती गोष्टच झाली आहे, मला ठाऊक नव्हतं. की शहरातली पोरं वाट करायला आली होती, त्यांत दोन दादा होते. एक हा, यानं आपल्यातला घास घेतला, हा आपला. दुसरा होता, गायचा लय ग्वाड, आपल्याला अक्षरं दाखवायचा. पण आज्याने जेवायला बोलावलं तर म्हणाला, तुमच्या हातचं मला चालत नाय.

“मी तवा लहान, लय रडले व्हते,” ती पोरांना म्हणाली. “मग ते अक्षर कवा काढलंच नाय मी. कशाला काढू? आपल्या हातचं ज्याला चालत नाय, त्याचं आपल्याला तरी कशाला?”

पोरं हसली. एका पोराने नाक उडवून त्या न पाहिलेल्या दादाची नक्कल केली. पुन्हा हसली.

बुधी माझ्याकडे वळली. “खरं ना वो, दादा? तुमी तर तितंच व्हतात.”

सगळी माझ्याकडे बघत होती. खूप सोपं होतं. मी तुम्हाला आत्ता जेवढं सांगितलं त्यातलं एकच वाक्य पुरलं असतं.

“हो,” मी म्हणालो. “मी तिथेच होतो.”

ती पोराला म्हणाली, दादाला पानी दे रं. पोराने तांब्या पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि प्यालो.